पान उलटण्याआधी

गोष्ट वाचताना माणूस नेमका कुठे घाबरतो, हे मोजायचं काम तिच्या प्रयोगशाळेत चालायचं. वाचणाऱ्याच्या बोटांना पट्ट्या बांधायच्या. बोटं घामेजली की पडद्यावरची रेघ वर चढायची. नजर कोणत्या ओळीवर आहे, ते एक बारकासा कॅमेरा टिपायचा. आई गेल्यापासून बाबा घरी भिंतीकडे बघत बसायचे, म्हणून लेकीने त्यांनाच दुपारचे वाचक म्हणून बोलावलं. कशाने का होईना, त्यांची रेघ हलावी, एवढंच तिला हवं होतं.

काचेपलीकडच्या खोलीत मऊ उजेड होता, आणि दोघांपुरत्या कोचाच्या एका कडेला बाबा. उभा जन्म पाणीपुरवठा खात्यात गेलेला.

"या उडत्या शहराला नळ कोणी जोडून दिले म्हणे?" अद्भुतकथेवर त्यांनी लगेच शेरा मारला.

"बाबा, मुकाट्याने वाचा."

तोंडाने कुरकूर चालू होती. रेघ मात्र गाढ झोपेतल्या श्वासासारखी संथ तरंगत होती.

भयकथा हातात आली आणि गडबड दिसू लागली. बाबांची नजर डाव्या पानाच्या मध्यावर असतानाच रेघ उसळायची. तिथे तर घाबरण्यासारखं काहीच नसायचं; ते असायचं उजव्या पानाच्या तळाशी. मग बाबा तिथवर पोचेपर्यंत रेघेची नुसती चुळबुळ. तिने पट्ट्या बदलल्या, यंत्र बदललं, नवंकोरं पुस्तक दिलं. तरी तेच.

"पुढचं आधीच चाळता का हो तुम्ही?"

"मी? ती सवय तुझ्या आईची. माझ्या खांद्यावरून वाचायची, माझ्याआधी पान संपवायची, आणि मग 'अहो, उलटा ना! उलटा ना!' जीव खायची नुसता." बाबा चक्क हसले. हातातलं पुस्तक त्यांनी कोचाच्या रिकाम्या बाजूला किंचित कलतं धरलं होतं.

लेकीने त्या संध्याकाळी रेघ आणि गोष्ट शेजारी ठेवून ताडून पाहिली. आई भुतांना भलतीच भ्यायची. जिन्यावर दिवा लावल्याशिवाय पाऊल टाकायची नाही. गोष्टीतलं भूत जिना उतरत होतं, तिथे रेघ शांत होती. ती उसळत होती जिवंत माणसं कंदील घेऊन दारात आली तिथे. त्यांनी हाक मारली तिथे.

दुसऱ्या दिवशी बाबांचं वाचन रंगात आलं होतं.

"बाबा, पट्ट्या काढून शेजारी ठेवा," ती काचेआडून म्हणाली.

त्यांनी अलगद ठेवल्या. का म्हणून विचारलंही नाही.

बोटं नसली की रेघ सपाट होते. ही झाली नाही. मंद झुलत राहिली, पानाच्या शेवटाशी थबकून, वाट बघत.

मग शिकलेलं सगळं लेकीच्या डोक्यातून पुसून गेलं. तिने धावत जाऊन दार उघडलं.

"आई?"

काचेतून दिसणारी रेघ पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन आदळली.

"हळू," बाबा कुजबुजले. "घाबरली ना ती."

त्यांचा तळवा रिकाम्या गादीवर थोपटत होता.

लेक पावलं न वाजवता मागे सरली. दार लावून घेतलं.

काचेपलीकडे बाबांनी पान उलटलं. रेघ हळूहळू खाली आली, आणि पुन्हा सुखात तरंगू लागली.