कोपऱ्यातली नजर

एका दवाखान्याच्या वेबसाइटवर माणसाला हवी ती माहिती चटकन सापडावी, अशी तिची मांडणी आणि सूची करणं हे माझं काम. सापडते का, हे तपासायला आम्ही बाहेरची माणसं बोलावतो. संगणकाच्या पडद्याखालचा छोटा कॅमेरा त्यांची नजर टिपतो. ती रेंगाळते तिथे पानावर तांबडा डाग उमटतो.

त्या दिवशी शिवणकाम करणाऱ्या एक मावशी आल्या होत्या. "मुलानं औषध गिळलं तर काय करायचं, ते शोधा," मी म्हटलं. त्यांनी दोन-तीन पानं उघडून बंद केली. डाग मात्र उमटला खाली, डाव्या कोपऱ्यात. तिथे काहीच नव्हतं.

"तिथे काय पाहिलंत, मावशी?"

"कुठे? काही नाही बाई. नजर गेली आपली."

मग एक निवृत्त ड्रायव्हर आले, मग एक नवरा-बायको. सगळ्यांचा डाग तिथेच. मी कॅमेरा बदलला, पडदा बदलला, टेबल फिरवलं. डाग हलला नाही.

आमच्या वरिष्ठांना सगळे मास्तर म्हणतात. ते म्हणाले, "बघतात ना तिथे? मग हवं ते तिथेच ठेव. कशाला डोकं शिणवतेस?"

ठेवलं. 'औषध गिळलं? आधी हे करा', आणि खाली फोन नंबर.

काही महिन्यांनी धाकट्या बहिणीचा दवाखान्यातून फोन आला. भाच्यानं आजीच्या हृदयाच्या गोळ्या खाल्ल्या होत्या. आता उठून बसला होता, बिस्किट मागत होता. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले होते.

"ताई, डोळ्यांत नुसतं पाणी होतं गं. अक्षर दिसेना. तुझ्या वेबसाइटवर ते बोट होतं म्हणून नंबर सापडला."

"कुठलं बोट?"

"कोपऱ्यातलं. सुरकुतलेलं. इतकं हुबेहूब कशाला काढलंस? पण देवासारखं धावून आलं बघ."

मी चित्र टाकलंच नव्हतं.

फोन ठेवून मी पोटभर रडले. मग रिकाम्या खोलीत, मोठ्यानं, आभार मानले.

पुढच्या चाचणीला मावशी पुन्हा आल्या. नंबर त्यांना लगेच सापडला. कोपऱ्यावर डाग नव्हता. जाताना त्या माझ्या खांद्याच्या जरा वर बघून म्हणाल्या, "तुम्ही का उभ्या? बसा ना."

मी तर बसलेच होते. उठून शेजारी एक खुर्ची आणून ठेवली.

नंतर आलेल्या माणसानंही तिकडेच पाहिलं. फक्त जरा खाली, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर.