दुपारी गरम होणारी कढई

मावशीकडच्या सुट्टीतून आपल्या पदरात काय पडणार, याचा हिशेब टिकलीने घरून निघण्यापूर्वीच मांडला होता. तळ्यात पाय सोडून बसायचं, नावेतून हवं तेवढं हिंडायचं, आणि सकाळी अंगावर ऊन येईपर्यंत कुणी हाक मारायची नाही. बदल्यात द्यायचं काय, तर मावशीला बटाटे सोलून द्यायचे आणि मावसभाऊ ढब्बूच्या गप्पा ऐकून घ्यायच्या. सौदा एकंदरीत फायद्याचा होता. बटाटे तरी गप्प बसतात.

मावशीचं खाणावळीचं सगळं दुकान म्हणजे तळ्याकाठच्या मोठ्या झाडाखाली दगडांची चूल आणि तिच्यावर बिडाची अवाढव्य कढई. तेलाचा पातळ हात द्यायचा, मंद आचेवर तापवायची, निवू द्यायची, पुन्हा तेलाचा हात. वर्षानुवर्षं असं तेल मुरून तिचा तळ काळाभोर आणि गुळगुळीत झाला होता. अंडं फोडलं की ते नावेसारखं हलकेच तरंगत कडेला यायचं. तळ्यावर नाव वल्हवायला येणारी मंडळी आधी मावशीकडचे कांदा-बटाटे खात आणि मग पाण्यात उतरत. काही जण खाऊन तिथेच आडवे होत. त्यांनाही नौकाविहारातच मोजत.

या वेळी मात्र पहिल्याच सकाळी बटाटे तळाला धरले. उलथन्याने खरवडून काढले तर रंग करडा, आणि चव अशी, जणू कुलपाची किल्ली चोखतोय. गिऱ्हाइकांनी ताटल्या अर्ध्यावर ठेवल्या आणि धुक्यातल्या पाण्याकडे असं काही टक लावून पाहू लागले, की जणू ते पाणी बघायलाच आले होते.

"आठवडाभर हेच चाललंय," ढब्बू कुजबुजला. "आई रोज संध्याकाळी तेल लावून तापवते. दुसऱ्या संध्याकाळी बघावं तर कढई पुन्हा करडी."

नौका मंडळाचे व्यवस्थापक येऊन गेले. पोट पुढे आणि बोलणं मागे, अशा चालीचे गृहस्थ. रविवारी शर्यत होती आणि सगळ्यांचं जेवण मावशीकडे. त्यांनी अगदी गोड शब्दांत सांगितलं, की त्या दिवशीही चव अशीच असली तर झाडाखालची जागा पलीकडच्या तंबूवाल्याला द्यावी लागेल. तंबूवाला डबाबंद खाणं विकायचा. त्याच्या खाण्याला चव नव्हती, पण ती नसण्यात कधी बदलही होत नसे.

मावशी कढई पुसता पुसता एवढंच म्हणाली, "माझ्या हाताची चवच गेली गं, टिकले."

"छे, यंदा बटाटेच वाईट आहेत," काकांनी समजूत घातली. काका, म्हणजे मावशीचे यजमान, नावांची देखभाल करायचे. माणूस मायाळू, नीटनेटका, आणि शर्टाच्या बाह्या दुमडल्या तरी घडी मोजून दुमडणारा.

बटाटे सोलले होते टिकलीने. त्यात काहीही वाईट नव्हतं. हा आरोप तिला लागला.

त्या दिवशी दुपारी सगळं तळं पेंगत होतं. पाण्यावरचं ऊन हलत नव्हतं, झाडाची सावलीसुद्धा पाय पसरून पडली होती. मावशी घरी जाऊन झोपली होती. टिकली डोळे अर्धवट मिटून झाडाखाली आली आणि टेकायला म्हणून तिने कढईवर हात ठेवला. हात चटकन मागे आला. कढई गरम होती.

चूल तर सकाळीच विझली होती. सकाळची कढई पुसून पालथी घातली तेव्हा ती गार झाल्याचं टिकलीने स्वतः हात लावून पाहिलं होतं. बीड सावकाश तापतं आणि तापलं की सावकाश निवतं. म्हणजे मधल्या वेळात कुणीतरी ही तापवली होती. तिने नाक जवळ नेलं. वास आंबट होता.

"तंबूवाला!" ढब्बूने ताबडतोब निकाल दिला. ढब्बूला पुरावा लागत नसे, भूक लागत असे.

दुसऱ्या दिवशी तिघं पालथ्या नावेखाली पाळतीवर बसली. तिसरी म्हणजे ढब्बूची धाकटी बहीण शेपटी. हे नाव का पडलं ते तिच्याकडे न बघता, ती कुणाच्या मागे आहे ते बघितलं की कळायचं. नावेखाली हिरवट उजेड होता, पाणी काठाला हळूहळू चुबकत होतं, फळ्यांना जुन्या लाकडाचा वास होता. तंबूवाला आपल्या तंबूत घोरत होता. त्याचं घोरणं आधी ढब्बूला लागलं, मग शेपटीला, आणि शेवटी, कबूल करायला जड जातं, पण टिकलीलाही. जाग आली तेव्हा कढई जागेवर होती आणि पुन्हा गरम होती.

"झोपल्यावरसुद्धा चोर पकडता येईल असं काहीतरी हवं," टिकली म्हणाली.

पुढच्या दिवशी चूल विझल्यावर कढईच्या बुडाची काजळी तिने तेलात कालवली आणि कढई उचलायच्या दोन्ही कानांना खालच्या बाजूने चोपडली. वरून काहीच दिसत नव्हतं. त्या दुपारी तिघं निवांत झोपली.

चहाच्या वेळी तंबूवाल्याचे हात स्वच्छ होते. व्यवस्थापकांचेही. काका हात धुऊन आले होते, पण विचार करताना कान ओढायची त्यांना सवय होती. त्यांच्या उजव्या कानाची पाळी काळीकुट्ट होती.

"बाबांचा कान जळला," शेपटी म्हणाली.

टिकलीने तिच्या तोंडात बिस्कीट कोंबलं.

दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपताच तिघं दबक्या पावलांनी नावांच्या कोठारामागे गेली. काका स्टोव्हवर कढई ठेवून बसले होते. व्हिनेगर आणि मीठ खदखदत होतं आणि त्यात वल्ह्यांच्या पितळी कड्या आणि नावांच्या घंटा उकळत होत्या. शर्यतीसाठी सगळं पितळ लखलखलं पाहिजे, असा काकांचा ध्यास होता. एवढं मोठं भांडं दुसरं कुठे मिळणार? शेजारी सोडा आणि तारेची घासणी तयार होती.

"काका, नंतर कढई घासता?" टिकलीने विचारलं.

"मग? तशीच देऊ तिला? केवढा काळा थर होता, आठवड्यात निम्मा काढला," काका अभिमानाने म्हणाले. "तिचं काम हलकं होतं."

काळं दिसलं की मळ, एवढंच काकांना ठाऊक होतं. मावशीने आयुष्यभर मुरवलेली चव ते रोज दुपारी प्रेमाने घासून काढत होते.

टिकलीने हळू आवाजात समजावलं. काकांचा हात कानाकडे गेला आणि तिथेच राहिला.

"ती म्हणत होती तिच्या हाताची चव गेली," ते पुटपुटले. "आणि मी बटाट्यांना बोलत होतो."

"तुम्ही सांगाल की आम्ही सांगू?"

काकांनी स्वतः सांगितलं. मावशीने तेलाची वाटी आणि फडकं काकांच्या हातात दिलं.

शर्यतीपर्यंतच्या सगळ्या दुपारी काका चुलीपाशी बसले. तेलाचा हात, मंद आच, निववणं, पुन्हा तेल. जास्त तेल घातलं की मावशी पुसायला लावायची. पोरं सरपण पुरवायची. निळसर धूर पाण्यावर लोळायचा, आणि करड्या तळावर काळेपण हळूहळू, स्वप्नात रंग चढावा तसं परत येत होतं.

रविवारी बटाटे सोनेरी निघाले आणि आपणहून ताटलीत घसरले. मावशीने कितीतरी दिवसांनी आपल्याच हातचं चाखलं आणि मान हलवली. व्यवस्थापकांनी भाषणापूर्वी पट्टा सैल केला. "जागा यांचीच, आणि शाबासकी या पोरांची," एवढंच ते बोलू शकले, कारण तोंडात घास होता.

आता या सगळ्याची कुणी काय किंमत मोजली ते पाहू. तंबूवाल्याने जागेची आशा मोजली, ढब्बूने आपला खात्रीचा चोर गमावला, पोरांनी दुपारची झोप. पण काकांइतकं कुणी मोजलं नाही. चुलीपाशी बसल्यापासून घंटा आणि कड्यांना हात लावायला त्यांना सवडच झाली नव्हती. दमट हवेने पितळ पुन्हा मळकट झालं होतं, आणि तसल्याच नावा सगळ्या गावादेखत तळ्यात उतरल्या. ते एकाही माणसाच्या लक्षात आलं नाही. एकट्या काकांना मात्र प्रत्येक कडी दिसत होती, आणि ते गुपचूप सगळ्यांना बटाटे वाढत होते.