पावणेआठचा गिझर

पटलं तर बघा, नाही पटलं तर सोडून द्या. मला कुणाला पटवायचं नाही. मी वायरमन माणूस. वायर कुठून आली आणि कुठं गेली हे बघितल्याशिवाय मी कशावर विश्वास ठेवत नाही.

पण हे मी स्वतः ऐकलंय. माझ्या हाताला चटका बसलाय.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. सांगलीत, विश्रामबागला. वार गुरुवार.

आणि रात्री नाही... सकाळी पावणेआठला. लख्ख उजेडात.

माझं नाव जोतीराम. गाव कवठे महांकाळ. कुपवाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी मेन्टेनन्सला आहे. पाळीतल्या जोडीदाराचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून त्या महिन्यात सलग रात्रपाळी माझ्याच गळ्यात पडली होती. दिवसा झोप लागायची नाही. चालताना पाय कुणा दुसऱ्याचेच वाटायचे.

विश्रामबागला माझी आत्ती राहते. बनुबाई. वडिलांची सख्खी बहीण. तिचे मालक, म्हणजे आमचे हंबीरराव मामा, फौजेतून रिटायर झाल्यावर त्यांनी तिथं तीन खोल्यांचं जुनं घर विकत घेतलं. मामा वारले त्याला दीड वर्ष झालं. मुलगा वीरधवल फौजेतच, तिकडं लांब वर. त्यामुळं आत्ती घरात एकटीच.

बुधवारी संध्याकाळी मी पाळीला निघालो होतो. तेवढ्यात तिचा फोन आला.

"जोत्या, आमच्या गिझरचा टायमर बिघडलाय रं. सवड झाली म्हंजे नवा बसवून जा."

टायमर म्हणजे न्हाणीघराबाहेर भिंतीवर असते ती पांढरी पेटी. तिच्यात वेळ लावून ठेवली की गिझर आपोआप चालू होतो, आपोआप बंद होतो. घर घेतलं तेव्हापासून ती तिथंच होती.

"नेमकं काय होतंय, आत्ती?"

तिनं आवाज खाली आणला.

"रोज पावनेआठाला चालू हुतोय. कायबी लाव, बटन बंद कर... पावनेआठाला चालू."

म्हटलं, जुना माल आहे, आत काहीतरी चिकटलं असेल. वाटेत नवा टायमर घेतला आणि पाळीला गेलो.

गुरुवारी सकाळी सात वाजता सुटलो. गाडी थेट विश्रामबागला घातली. साडेसातच्या आत मी आत्तीच्या दारात होतो.

आत्तीनं दार उघडलं. डोळे पार खोल गेलेले. गालाची हाडं वर आलेली. दिवाळीला बघितलेली आत्ती ही नव्हतीच.

"आजारी हैस व्हय गं?"

"आजारी न्हाई. दमलिया." तिनं चहा पुढं ठेवला. "जोत्या, त्यो गिझर नुस्ता चालू हुत न्हाई. मागनं कोनतरी आंगूळ बी करतंय."

मी कप तसाच खाली ठेवला.

"कधीपासून?"

"पितरपाटापास्नं."

म्हणजे पितृपक्षापासून, अडीच महिने. बाई रोज सकाळी हे ऐकत होती आणि आम्हाला कुणाला शब्दानं बोलली नव्हती.

"भीती नाही वाटली तुला?"

"आदी लय वाटायची. आता भ्यायचाबी कट्टाळा आलाय बघ."

धीर द्यायला म्हणून म्हणालो, "मामाच असतील, आत्ती. त्यांचा जीव होता ह्या घरावर."

आत्तीनं माझ्याकडं बघितलं.

"तुजं मामा जल्मात ऊन पान्यानं न्हायलं न्हाईत. फौजेची सवं. थंडीतबी गारच पानी घ्यायचं. ह्ये त्ये न्हवं."

मग कोण... हे तिनंही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

कामाला लागलो. पहिल्यांदा घराचा मेन स्विच पाडला. पंखा थांबला. फ्रीजची घरघर थांबली. मग टायमरचे स्क्रू काढले, दोन्ही बाजूंच्या वायरी सोडवल्या, टोकांना टेप मारली आणि पेटी खिडकीपाशी नेऊन उघडली.

आत सगळा कोळसा.

कॉन्टॅक्ट जळून गेलेले. प्लास्टिक वितळून घड्याळाच्या चाकांवर सांडलेलं. त्यावर धुळीचा जाड थर. म्हणजे ही पेटी कालपरवा जळालेली नव्हती, लय आधी जळाली होती. कित्येक वर्षांत तिच्यातून करंट गेलेलाच नव्हता.

मी पेटी हातात घेऊन तसाच उभा राहिलो.

मग आत्तीचा गिझर इतके दिवस कशावर चालत होता?

आणि तेवढ्यात...

टक्.

माझ्या हातातल्या पेटीत. तळव्याला स्पष्ट जाणवलं.

मोबाईल बघितला. सात पंचेचाळीस.

म्हटलं, एखादी स्प्रिंग सुटली असेल. पेटी खाली ठेवली.

मग न्हाणीघरातून आवाज यायला लागला... सूंऽऽऽ... पाणी तापायला लागल्यावर गिझर करतो ना, तसाच.

मेन पडलेला. वायरी सुटलेल्या. घरात दुसरा कसलाच आवाज नाही, त्यामुळं तो आवाज आणखीच मोठा वाटत होता.

मी आत गेलो. गिझरचा लाल दिवा बंद होता. खालच्या पाईपला हात लावला. गार.

हात तसाच ठेवला.

कोमट.

ऊन.

मग इतका चटका बसला की मी हात झटकून मागं सरलो.

"जोत्या, भाईर ये." आत्ती दारात उभी होती. आवाज शांत. "आता यील त्ये. दार लोटून घे."

मी दार ओढून घेतलं. स्वयंपाकघरात येऊन खुर्चीवर बसलो. आत्ती समोरच्या पाटावर.

आठला दोनतीन मिनिटं कमी असतील.

नळ सुटला. बादलीत पाण्याची धार पडल्याचा आवाज. बादली भरत गेली तसा तो आवाज बदलत गेला. मग नळ बंद झाला.

मग तांब्या बुडाला... आणि पाणी अंगावर ओतल्याचा आवाज.

परत तांब्या. परत पाणी.

घाई नव्हती. दिवसभराच्या कामावरून आलेला माणूस न्हातो ना, तसं सावकाश. मधेच एक दमलेला उसासा. बाईचा की बाप्याचा, ते कळलं नाही.

आता एक सांगतो, त्याची मला अजून लाज वाटते.

मला झोप लागली.

कितीतरी रात्रींचं जागरण होतं. भीतीनं अंग गार पडलं होतं, तरी डोळे मिटले. त्या पाण्याच्या आवाजातच मिटले.

जाग आली तेव्हा सगळं शांत होतं. सव्वाआठ झाले होते. आत्ती ओट्यापाशी उभी राहून माझा चहा पुन्हा गरम करत होती.

मी न्हाणीघर उघडलं.

फरशी कोरडी. बादली पालथी, कोरडी. तांब्या खुंटीला. पाण्याचा एक थेंब कुठं नव्हता.

पण आत इतकी वाफ होती की समोरची भिंत दिसत नव्हती.

मी नवा टायमर बसवलाच नाही. पाण्याचा कॉक बंद केला, मेन तसाच पाडून ठेवला. आत्तीला म्हणालो, "दोन लुगडी पिशवीत घाल. तू माझ्यासंगं गावाकडं चल."

ती नको नको म्हणत होती. मी ऐकलं नाही. कुलूप लावलं आणि तिला कवठे महांकाळला घेऊन आलो.

आमच्याकडं गिझर नाही. अंगणात बंब आहे. माझी बायको पल्लवी सकाळी बंब पेटवायची, आत्तीला न्हायला घालायची, गरम भाकरी द्यायची. आत्ती आजाऱ्यासारखी झोपायची. तीन दिवसांत तिच्या तोंडावर जरा कळा आली. मला वाटलं, सुटली बाई.

तोवर मी घराच्या आधीच्या मालकाला फोन करून बघितलं. त्यांच्या काळात त्या घरात कुणी वारलं नव्हतं. असलं काही घडलंही नव्हतं. त्यांना काही लपवायचं असतं तर आवाजावरून कळलं असतं. तो माणूस उलट हसला.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही अंगणात बसलो होतो. आत्तीच्या शेजाऱ्याचा, बाळासोंचा, फोन आला. दोन्ही घरांच्या मधे एकच गटार आहे. आत्तीच्या न्हाणीची मोरी त्यांच्या बाजूला निघते.

"जोतीराम, घरात कोन ठिवलंय का तुमी?"

"नाही. का हो?"

"मोरीतनं रोज सकाळी पानी येतंय. लय कढत... वाफा निगत्यात. दाराला तर कुलूप हाय. तीन दिवस बगतोय मी."

फोन स्पीकरवर होता. आत्तीनं सगळं ऐकलं.

तिनं हातातली भाकरी ताटात ठेवली. बराच वेळ बंबाकडं बघत बसली. मग स्वतःशीच बोलल्यासारखी पुटपुटली,

"मी हितं हाय... मग त्येला टावेल कोन देत आसंल?"

पल्लवीनं हातातली पाण्याची घागर खाली ठेवली.

"कुणाला, आत्ती?" मी विचारलं. "तू... तू टॉवेल देत होतीस?"

आत्ती उठली आणि लुगडी पिशवीत भरायला लागली.

आम्ही लय अडवलं. पल्लवी रडली. मी वीरधवलला फोन करतो म्हणालो, तेव्हा मात्र ती माझ्यावर ओरडली. "त्येच्या जिवाला तितं घोर लावू नगंस!" मग आवाज उतरला. "दारातनं हात भाईर यितो रं. कवापतूर वल्लाच ऱ्हानार त्यो?"

दहाच्या एस्टीनं ती सांगलीला गेली.

आता ती तिथंच राहते. मी त्या घरात परत पाऊल टाकलेलं नाही. जायला पाहिजे, हे मला कळतं. पण पाय निघत नाही.

रोज सकाळी आठ वाजता मी आत्तीला फोन लावतो. रिंग जाते... जात राहते... ती उचलत नाही.

सव्वाआठनंतर उचलते. आवाज दमलेला असतो.

"झालं का, आत्ती?"

"झालं, बाबा."

काय झालं, ते मी विचारत नाही.