नावाचा रकाना

"ताई, चप्पल काढा आणि काट्यावर उभ्या राहा."

मी दचकून वर पाहिलं. मुलुंडच्या त्या डायालिसिस सेंटरमध्ये मी पहिल्यांदाच आले होते आणि रिकामी दिसली म्हणून एका निळ्या खुर्चीत टेकले होते. समोर हिरव्या कपड्यांतला, मास्क लावलेला एक मुलगा फाइल घेऊन उभा.

"वजन? माझं?"

"मग कोणाचं? वजन केल्याशिवाय मशीन लावता येत नाही."

"अहो, मी पेशंट नाहीये! आणि... पहिल्याच भेटीत मुलीला वजन विचारतं का कोणी?"

त्याचे डोळे आधी मोठे झाले, मग बारीक. मास्कच्या आत तो हसत होता, हे डोळ्यांवरूनच कळलं.

"आमच्याकडे पहिल्या भेटीत वजनच विचारतात," तो म्हणाला. "नाव नंतर."

"हेमांगी."

"प्रज्योत. आता खुर्ची सोडता का? कदमकाका आलेत."

पवईला आमच्या कंपनीत एक सॉफ्टवेअर बनत होतं. ज्याला जो आलेख हवा, तो त्याने स्वतःच बनवायचा. पडद्याच्या डाव्या बाजूला माहितीचे छोटे चौकोन... वय, वजन, ब्लड प्रेशर, तास. हवा तो बोटाने ओढून मधल्या कोऱ्या जागेत सोडला की आलेख तयार. असे चार-पाच आलेख हवे तसे मांडले की झाला आपला डॅशबोर्ड. त्याचं डिझाइन माझ्याकडे होतं. एका ट्रस्टची आठ डायालिसिस सेंटर्स हे आमचं पहिलं गिऱ्हाईक, आणि हे माझं पहिलं मोठं काम. ते वापरणारी माणसं बघायला मी आले होते.

प्रज्योत तिथला टेक्निशियन. दुपारी जरा उसंत मिळाल्यावर मी त्याच्यापुढे टॅब ठेवला.

"काहीही बनव. चुकलं तर चूक माझी, तुझी नाही."

"एवढ्यात 'तू'?"

"मग 'अहो' म्हणू?"

"नको, नको," तो घाईघाईने म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. मास्क कान झाकत नाही ना.

त्याने 'तास' आडवा टाकला, 'ब्लड प्रेशर' उभा. मग प्रत्येक खुर्चीची वेगळी रेघ. दहा मिनिटं खटपट करून त्याने टॅब माझ्याकडे फिरवला. "हे बघ. कदमकाकांचं प्रेशर तिसऱ्या तासाला पडतं, पवारकाकूंचं अगदी शेवटी. म्हणजे कधी कोणाजवळ उभं राहायचं ते दिसतं. आत्तापर्यंत हे सगळं माझ्या डोक्यात होतं."

सहा महिने आम्ही ऑफिसात खपत होतो आणि हा इतका साधा, इतका शहाणा आलेख कोणालाच सुचला नव्हता.

"आमची नावं कुठायत यात?" त्याने विचारलं.

"मुद्दाम नाही ठेवली. हे पेशंटसाठी आहे, तुमच्यावर नजर ठेवायला नाही."

"झकास," तो म्हणाला. आणि मला उगाचच फार बरं वाटलं.

त्यानंतर मी आठवड्यातून दोनदा मुलुंडला जाऊ लागले. एकदा पुरलं असतं...

प्रज्योत मुलुंडच्या कोळीवाड्यातला. वडील नव्हते. आई, शेवंतीमावशी, बाजारात मासळी विकायची. एका रविवारी तो मला तिच्याकडे घेऊन गेला. मी भांडुपची, मूळची देवगडची. पापलेटाचा कल्ला उचलून पाहिला, तशी मावशी खूश झाली. "हिला कळतंय गो," शेजारणीला म्हणाली, आणि माझ्याकडे बघून असं काही हसली, की मला पिशवी कुठल्या हातात धरू तेच कळेना.

कधी शिफ्ट संपली की तो पवईला यायचा. तलावाकाठच्या बाकावर आम्ही बसायचो, श्रावणातली बारीक सर आली तरी उठायचो नाही. त्याच्या हातांना साबणाचा वास यायचा, कितीही वेळ गेला तरी.

"कदमकाकांची सुई काढली की जागा दाबून धरावी लागते," एकदा तो सांगत होता. "बाकीच्यांचं रक्त पाच-दहा मिनिटांत थांबतं. त्यांना वीस लागतात. पट्टी घट्ट बांधून उठवता येतं, पण मग घरी जाताना रिक्षात शर्ट भिजतो त्यांचा. मी धरूनच बसतो."

"इतका वेळ काय करतोस?"

"त्यांचा हात धरतो." तो माझ्या हाताकडे बघत म्हणाला, "सवय आहे मला..."

आणि त्याने खरंच धरला.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या ऑफिसात ट्रस्टच्या मृणालिनी मॅडम आल्या. आठही सेंटर्सचा कारभार त्या बघायच्या. डॅशबोर्ड त्यांना आवडला. मग म्हणाल्या, "मला टेक्निशियनची नावं हवीत. एका पेशंटचं मशीन बंद झाल्यापासून दुसरा जोडेपर्यंत कोणाला किती मिनिटं लागतात, ते चढत्या क्रमाने. आणि शेवटचे तीन लाल."

मी माझ्या वरिष्ठाकडे, अनयकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता.

"नावं आपण मुद्दाम..." मी सुरुवात केली, पण अनय मध्येच "होऊन जाईल, मॅडम" म्हणाला.

त्या गेल्यावर अनय म्हणाला, "हेमांगी, आपण लोकांना काय विकतोय? ज्याला जे बघायचं ते बघू दे. मग तू कोण ठरवणार? आणि हे नाही दिलं तर त्या दुसरीकडे जातील. एक रकाना वाढवायचाय फक्त."

खरंच एकच रकाना होता. यादीत 'टेक्निशियनचं नाव' या ओळीपुढे एक बरोबरची खूण. मी ती केली. लाल रंगही मीच निवडला. आधीचा जरा फिका वाटत होता, लांबून दिसला नसता.

लाल पट्टीत कोण येणार हे मला माहीत होतं. वीस मिनिटं हात धरून बसणारा माणूस दुसरा कोण होता?

त्या रविवारी आम्ही गोराईला गेलो. बोरिवलीहून बोटीने पलीकडे. वाळूत बसून त्याने मला विचारलं, "आईला सांगू का आपलं?" मी हो म्हणाले. परत येताना बोटीत त्याचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. तेव्हा सांगता आलं असतं. उद्या सांगू, म्हटलं. मग दिवाळी आली.

नोव्हेंबरच्या शेवटी एका दुपारी तो न सांगता पवईला आला. बाकावर बसला, पण माझ्या शेजारी नाही... टोकाला.

"काढलं मला."

"काय?"

"आठ सेंटर्समधून तिघांना. तीन महिने सलग लाल. तक्ता दाखवला मॅडमनी." तो पाण्याकडे बघत बोलत होता. "त्यात माझं नाव होतं, हेमा. नावाचा रकानाच नव्हता ना? तूच म्हणाली होतीस. मग कोणी घातला?"

कोणाचंही नाव घेता आलं असतं. अनयचं, मॅडमचं. तेही खोटं ठरलं नसतं.

"मी."

"कधी?"

"गणपतीच्या आधी."

तो मनात काहीतरी जुळवत होता. मला कळलं, तो कुठे पोचणार आहे ते.

"म्हणजे गोराईला तुला माहीत होतं."

"प्रज्योत, मी सांगणारच—"

"बोटीत पण माहीत होतं."

मी मान हलवली. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"नोकरीचं सोड. तू नसता घातलास तर दुसऱ्या कोणी घातला असता, एवढं कळतं मला. कदमकाकांचा हात मी तरीही सोडला नसता." त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "पण मला माहीत तर असतं ना यार. रोज सकाळी हसत जात होतो मी तिथे."

दुसऱ्या दिवशी मी मृणालिनी मॅडमना भेटले. त्याच माहितीतून नवा आलेख काढून नेला होता. प्रज्योतच्या शिफ्टला पेशंटचं प्रेशर कोसळल्याचे प्रसंग आठही सेंटर्समध्ये सर्वांत कमी होते. त्यांनी तो नीट पाहिला. वाईट बाई नव्हत्या त्या.

"हे आधी का नाही दाखवलं?" त्यांनी विचारलं.

मी कागद त्यांच्यापुढे आणखी सरकवला.

"आता त्याच्या जागी माणूस आलाय. आणि बाकीच्या दोघांचं काय करू? त्यांच्यासाठी आलेख काढणारं कोणी नाही." त्यांनी कागद परत दिला.

ऑफिसात मी तो रकाना काढून टाकायची मागणी केली. अनय म्हणाला, आठही सेंटर्स वापरतात, आता कसा काढणार? आणि ते खरं होतं.

प्रज्योतला चिपळूणच्या एका हॉस्पिटलात काम मिळालं. जायच्या दिवशी त्यानेच मेसेज केला. दुपारी एकची गाडी, मुलुंड चेकनाका.

मी पोचले तेव्हा शेवंतीमावशी सामानाशी उभी होती. मला बघताच तिने मला जवळ घेतलं. "बघ ना गो, चांगली नोकरी सोडून पोरगा लांब चाललाय. तू तरी समजवायचंस!"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने हळूच मला बाजूला नेलं.

"आईला ठाऊक नाही. तिला वाटतं, मीच सोडली."

"प्रज्योत... मी तुझ्यावर प्रेम करते. हे खरं आहे, एवढं तरी—"

"माहितीये. माझं पण आहे, त्याला काय करू?" तो हसायचा प्रयत्न करत होता. "पण आता तू गप्प बसलीस ना, की मला भीती वाटणार. हिला आत्ता काय माहीत असेल... असं आयुष्यभर?"

गाडी आली. धूळ उडाली. त्याने बॅग चढवली, आईच्या पायांना हात लावला. दारात चढता चढता मागे वळून मला म्हणाला, "आईला मी काही सांगणार नाही. तुला वाटलं तर तू सांग."

गाडी वळून दिसेनाशी झाली तरी आम्ही दोघी उभ्या होतो. मग मावशीने पदराने डोळे पुसले आणि रस्ता ओलांडायला माझा हात घट्ट धरला.

"तो गेला म्हणून काय झालं? तू येत जा घरी. रविवारी ये, कालवण करते."

पलीकडच्या फुटपाथवर पोचल्यावर मी थांबले.

"मावशी, मला तुम्हाला एक सांगायचंय."

मी सांगितलं. सगळं. रकान्याचं, लाल रंगाचं, गोराईचं. ट्रक जात होते, मध्ये मध्ये मला थांबावं लागत होतं. माझं बोलून होईपर्यंत तिने माझा हात धरून ठेवला होता. मग सोडला, रिकामी पिशवी घडी करून काखेत मारली आणि बाजाराच्या दिशेने एकटीच चालू लागली.