एकविसावा मोदक कुठे गेला?

संकष्टीच्या दिवशी, भर दुपारी, आबांच्या स्वयंपाकघरात चोरीचा आळ आला. आणि तोही शाल्मलीवर.

"एकवीस सांगितले होते," आबा ताटाकडे बोट दाखवत म्हणाले. "हे वीस आहेत. नैवेद्याआधीच एक तोंडात टाकलास ना?"

"देवाशपथ नाही हो आबा! बघा, आ करून दाखवते."

"एकवीस मोदक पूर्ण," ओट्याजवळून बल्लवने शांतपणे जाहीर केलं.

बल्लव म्हणजे घरातला सहा हातांचा स्वयंपाकी यंत्रमानव. हे घर होतं कोकण किनाऱ्यापासून थोडं आत, समुद्रावर तरंगणाऱ्या वस्तीत. तिथली सगळी यंत्रं 'सुगम' नावाच्या भाषेत सूचना घ्यायची, आणि ती भाषा घडवणाऱ्या मंडळातले सगळ्यात जुने शास्त्रज्ञ म्हणजे शाल्मलीचे आबा. शास्त्र एकीकडे आणि व्रत एकीकडे. एकवीस मोदकांचा नैवेद्य झाल्याशिवाय त्यांचा उपास सुटत नसे. सकाळपासून पोटात दोन केळी होती, त्यामुळे आवाज जरा चढलाच होता.

शाल्मलीने बल्लवपुढे कणकेचा गोळा ठेवला. "मोदक राहू देत. याच्या गोळ्या कर, एकपासून तीनपर्यंत."

दोन गोळ्या झाल्या.

"एकपासून एकपर्यंत कर."

बल्लवने सहाही हात जोडले. "झाली," तो म्हणाला. ताटलीत काहीच नव्हतं.

आबांचा राग पळाला. "शाब्बास! मोठी चूक अशी लहान करून बघावी. आता आळ तुझ्यावरचा उठला आणि संकलकावर आला."

"संकलक म्हणजे?"

"बल्लवला मराठी कळत नाही आणि सुगमही कळत नाही. वीज आहे की नाही, एवढंच त्याला कळतं. आपण बोललो की त्याची सुगममध्ये आज्ञावली (यंत्राने करायच्या कामांची यादी) होते. मग तिचं त्या विजेच्या खुणांत रूपांतर कोण करतं? संकलक. त्यालाच कंपायलर म्हणतात. कालच त्याची नवी आवृत्ती (सुधारलेलं रूप) माझ्याकडे तपासायला आलीय, ती मी बल्लवमध्ये बसवली. भराभर काम करायच्या नादात ती शेवटचा आकडा गिळतेय."

"मग एक मोदक मी हातानं वळते की!"

"वळ ना. पण हीच आवृत्ती उद्या सकाळी वस्तीभर जायचीय. दवाखान्यातल्या यंत्राने शेवटची गोळी दिलीच नाही तर तिथे काय वळशील?"

शाल्मलीने कणकेचा गोळा बाजूला सारला. आबांनी संकलकाची एक प्रत टेबलावरच्या संगणकात उतरवून दिली. "ही स्थानिक प्रत (फक्त आपल्या घरापुरती). हिच्यात हवी ती उलथापालथ कर, बाहेर कुणाचं काही बिघडणार नाही. बदल केलास की नव्याने बांधणी करायची (लिहिलेल्या ओळींतून चालणारा संकलक तयार करायचा) आणि मग चाचणी. मी जपाला बसतो. मध्ये बोलणार नाही."

तासाभराने तिला ती ओळ सापडली. 'शेवटच्या आकड्याशी पोचलास की थांब.' अरे, मग शेवटचं काम कोण करणार? तिने लिहिलं, 'शेवटचा आकडा ओलांडलास की थांब.' बांधणी केली आणि ऐटीत म्हणाली, "बल्लव, एकपासून तीनपर्यंत!"

दोन गोळ्या.

औषध कमी पडलं असेल, असं वाटून तिने खाली आणखी एक ओळ घातली, 'वर एकदा जास्त कर.' बांधणी केली. दोन गोळ्या. तीच ओळ पुन्हा घातली. तरी दोनच.

माळ ओढता ओढता आबांनी बल्लवच्या छातीकडे बोट केलं. बल्लवने ताक आणलं. आबांनी जोरात मान हलवून तेच बोट पुन्हा केलं. बल्लवने त्यांना शाल पांघरली.

"आबा, थंडी वाजतेय का?" शाल्मलीने विचारलं. आबांनी डोळे मिटले आणि उरलेला जप जरा घाईनेच पुरा केला.

"अगं," माळ डोळ्यांना लावून त्यांनी शाल भिरकावली, "नवा संकलक बांधलास, पण बल्लव कुठला वापरतोय?"

शाल्मलीने बल्लवकडे पाहिलं.

"कालचाच," बल्लव नम्रपणे म्हणाला. "दुसरा घ्यायला मला कुणी सांगितलं नाही."

"म्हणजे मी नवं पीठ दळून ओट्यावर ठेवलं, आणि हा फळीवरच्या जुन्या डब्यातलंच घेतोय?"

"अगदी तसंच. चांगल्या चांगल्या शास्त्रज्ञांचं असं होतं. बदल फसला असं वाटतं, आणि तपासलेला असतो जुनाच. चाचणीआधी विचारावं, बाबा रे, तू नक्की कोण?"

बल्लवला नव्या संकलकाची वाट दाखवून तिने पुन्हा तीन गोळ्या मागितल्या. पाच आल्या! जास्तीच्या दोन्ही ओळी आता इमानदारीने कामाला लागल्या होत्या. जीभ चावत तिने त्या पुसल्या आणि पुन्हा बांधणी केली. तीन सांगितल्या, तीन आल्या. एक सांगितली, एक आली.

"आता जुन्या चाचण्या," आबा म्हणाले. "एक भोक बुजवताना दुसरं पाडलं नाहीस ना, ते कळायला हवं." नऊशे बारा चाचण्या संगणकावर भराभर धावल्या. सगळ्या पास. मात्र शेवटचा आकडा मोजावा, असं त्यांतल्या एकीलाही सुचलं नव्हतं. म्हणून शाल्मलीने नवी चाचणी लिहिली, 'एकपासून एकपर्यंत म्हटलं, तर काम एकदा व्हायलाच हवं,' आणि दुरुस्तीसोबत मंडळाला धाडली. दिवेलागणीला उत्तर आलं, 'तपासलं. बरोबर आहे. उद्या हीच आवृत्ती जाईल.'

किनाऱ्यावरच्या डोंगरामागून चंद्र वर आला तेव्हा देवापुढे नुकते वाफवलेले मोदक होते. आबांनी मोजले. शाल्मलीने मोजले. एकवीस. अर्घ्य दिलं, आरती झाली, आणि आबांनी पहिला मोदक उचलला.

"आबा, संकलक कुठल्या भाषेत लिहिलाय?"

"सुगममध्येच."

"मग त्याचं रूपांतर कोण करतं?"

"आधीचा संकलक."

"आणि त्याचं?"

"त्याच्याही आधीचा."

"मग सगळ्यात पहिल्याचं?"

आबांचे डोळे चमकले. मोदक तोंडापाशीच थांबला. "बस, सांगतो! त्या वेळी आम्ही चौघंच होतो..." तूप मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं तरी त्यांना भान नव्हतं. शेवटी बल्लवनेच एका हाताने तो मोदक अलगद त्यांच्या तोंडात सारला, दुसऱ्या हाताने शाल्मलीपुढे वही ठेवली आणि म्हणाला, "आता सांगा. मलाही ऐकायचंय."