खिडकीमागची योलिस्वा

लोरेटा मॅथ्यूज त्या शनिवारी दक्षिण आफ्रिकेतल्या न्यू ब्राइटनच्या वाचनालयात आली होती ती फक्त भाचीला गोष्टीच्या तासाला सोडायला. समोरच्या दुकानात निवांत चहा प्यायचा आणि तासाभराने जोडीनला घेऊन घरी जायचं, एवढाच तिचा बेत होता. पण ती दारातून वळते न वळते तोच आतून जोडीनचं भोकाड ऐकू आलं.

आत बघते तर पांढरे मोजे घातलेली सहा मुलं गादीच्या बाकावर ऐटीत बसलेली आणि बाकीची वीसेक जमिनीवर. जोडीनचे मोजे पिवळे होते. ती बाकाचा कोपरा घट्ट धरून उभी होती आणि तिच्यासमोर उकिडवा बसलेला एक उंच तरुण तिला शांतपणे सांगत होता, "इथे नाही बसता येणार. नियम आहे."

"कुणाचा नियम?" लोरेटा तरातरा पुढे गेली.

"शाब्बास," तो म्हणाला. "अर्धा तास झाला, एकाही मुलाने हे विचारलं नाही."

"पाच वर्षांच्या मुलीला रडवून तुम्हाला शाबासक्या सुचतायत?"

"वर्णभेद काय होता हे मी तीन शनिवार तोंडाने सांगून पाहिलं, मिस. ही सगळी काळ्यांनी पहिल्यांदा मतदान केलं त्या वर्षी जन्मलेली. त्यांना वाटलं, राक्षसाची गोष्ट आहे." तो उठला. उभा राहिल्यावर तो आणखीच उंच निघाला. "आज मात्र कळलं त्यांना."

"कळायला मोजे कशाला लागतात? चित्र दाखवा ना एखादं."

"काढतंय कोण?"

"मी काढते," लोरेटा तावातावाने म्हणाली आणि मग तिची जीभ चावली गेली. कारण तो हसला होता. हसताना त्याचा डावा डोळा आधी बारीक व्हायचा, मग उजवा. इतकं बारकाईने बघायचं काही कारण नव्हतं, पण चित्रकार बाईचा नाइलाज असतो.

त्याचं नाव झुको. प्राथमिक शाळेत शिक्षक होता आणि स्वतःच्या आजीची गोष्ट लिहीत होता. त्या काळी काळ्या माणसाला शहरात पाऊल टाकायचं तर ओळखीची पासवही जवळ बाळगावी लागे. झुकोची आजी ती दोरीने गळ्यात बांधायची, आणि एके दिवशी विहिणीकडे जायच्या गडबडीत ती घरीच विसरली. त्या एका विसरण्याची ही गोष्ट. चित्रं झाली की तिचं शाळांसाठी पुस्तक निघणार होतं.

मग दर शनिवारी लोरेटा मोठ्या पुठ्ठ्यावर दोन-तीन चित्रं रंगवून आणायची. मुलं पांगली की दोघं पायऱ्यांवर बसून चहात टोस्ट बुडवत भांडायची.

"आजीचा शेला निळा होता."

"मला लाल हवाय."

"आजी माझी आहे, लोरेटा."

"चित्र माझं आहे."

"बरं… लाल," तो म्हणायचा आणि समुद्रावरच्या वाऱ्याने तिच्या तोंडावर आलेले केस स्वतः बाजूला करण्यासाठी हात उचलायचा… आणि तो हात मध्येच टोस्टकडे वळवायचा. लोरेटाला त्या टोस्टचा फार राग यायचा.

सगळं छान चाललं होतं. मग योलिस्वा उगवली.

योलिस्वा रेडिओवर खोसा भाषेतल्या बातम्या वाचायची. गोष्ट खोसातून वाचायला झुकोने तिला बोलावलं होतं. लांब मान, पुढच्या दोन दातांत गोड फट आणि कानांत बांगडीएवढाल्या रिंगा. ती दारात दिसली की झुको हातातलं टाकून उठायचा, दोन्ही हातांनी तिचा हात धरायचा आणि म्हणायचा, "माटोलो!"

"टोलो!" ती किणकिणायची.

लोरेटाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. टोलो म्हणे. माटोलो म्हणे. भर वाचनालयात, वीस पोरांसमोर लाडाची नावं घ्यायला यांना लाज कशी वाटत नाही? तिला तो 'लोरेटा' म्हणायचा. नुसतं लोरेटा, हजेरी घेतल्यासारखं.

आणि पुढचं तर त्याहून जिव्हारी लागायचं. ती दोघं खोसात बोलायला लागली की हसत सुटायची आणि लोरेटा ब्रश धूत बसायची. तिला त्यातलं काही म्हणजे काही कळत नसे. खरं तर कळायला हवं होतं… पण ते कुणाला सांगायची सोय नव्हती. तेव्हा ती ब्रश आणखी जोरात धुवायची.

शेवटी तिने सूड घेतला तो तिला जमत होता तसा. गोष्टीत एक कचेरी होती. तिथल्या खिडकीमागची गोरी कारकून बाई आजीला म्हणते, "वही नाही तर तू कोणीच नाही." त्या बाईचं चित्र लोरेटाने एका बैठकीत, ओठ आवळून, फार मन लावून काढलं.

शनिवारी झुकोने तो पुठ्ठा मुलांसमोर धरला. योलिस्वाने वाचायला तोंड उघडलं, तेवढ्यात पहिल्या रांगेतून जोडीन उभी राहिली.

"ही तर योलिस्वा आंटी आहे!" ती खणखणीत आवाजात म्हणाली. "पण हिचा रंग उडालाय."

वीस माना पुठ्ठ्याकडे वळल्या, मग योलिस्वाकडे, मग पुन्हा पुठ्ठ्याकडे. लांब मान, दातांतली फट, रिंगा. कसर म्हणून उरली नव्हती. लोरेटाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

योलिस्वा पुढे झाली आणि चित्र बराच वेळ बघत राहिली. "रिंगा मात्र झकास काढल्यास," ती म्हणाली, आणि पुढचं पान वाचायला लागली.

तास संपल्यावर लोरेटा मागच्या दाराने सटकत होती. झुको पायऱ्यांवर आडवा उभाच होता.

"का?" त्याने विचारलं.

"काय का?"

"लोरेटा."

"हां, बघ! लोरेटा!" तिचा बांध फुटला. "मी आले की लोरेटा आणि ती आली की माटोलो. दोन्ही हात धरून. मग मला कशाला… केस कशाला बाजूला करायला येतोस? करतही नाहीस धड!"

झुको तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याचा डावा डोळा बारीक झाला, मग उजवा, आणि तो मटकन पायरीवर बसून हसायलाच लागला.

"टोलो हे माझं कूळ आहे," तो म्हणाला. "तिचंही तेच. कुळातल्या बाईला 'मा' लावून हाक मारतात, मान म्हणून. ती माझी बहीण लागते, लोरेटा. आमचं लग्न लावायचं कुणी नुसतं बोललं, तरी माझी आई त्याला घरातून हाकलून देईल. हे तर इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं."

ते खरंच होतं. या शहरात असली चूक फक्त लोरेटाच्या घरचं माणूस करू शकलं असतं.

"आईने मला तीनदा विचारलंय," झुकोचं हसू आता ओसरलं होतं. "ती चित्रवाली मुलगी कुठल्या कुळाची? आमच्यात पहिल्या दिवशीच विचारतात. मी विचारलं नाही."

"का नाही?"

"तू म्हणाली असतीस, आम्ही मिश्रवर्णीय, आमच्यात नसतं. तर काही अडचण नव्हती. पण तू आमच्या आज्यांसारखी नाकात हसतेस, लोरेटा. तुझं मूळ खोसाच असावं, अशी मला पहिल्या दिवसापासून शंका आहे… आणि तू टोलो म्हणालीस तर? मग तुलाही बहीण म्हणावं लागलं असतं. मला अजून थोडे शनिवार हवे होते."

लोरेटाही पायरीवर बसली. आणि जे तिच्या घरात कुणी कधी उच्चारत नसे, ते तिने वाऱ्यात हळूच सांगून टाकलं. तिचे आजोबा जन्माने मॅथ्यूज नव्हते. ते मातिवाने होते. वर्ण ठरवायच्या कचेरीत त्यांच्या केसांत पेन्सिल खोचली, ती काळ्यांच्या दाट कुरळ्या केसांत अडकते तशी न अडकता खाली पडली, आणि ते काळ्यांच्या यादीतून निघून मिश्रवर्णीयांच्या यादीत गेले. पासवही गेली, घर वाचलं. त्याच्या बदल्यात घरातून खोसा हद्दपार झाली. आजोबांच्या धाकट्या भावाने कागद बदलायला नकार दिला होता. पुढे वीस वर्षं ते दोघं एकाच शहरात, रस्त्यात समोरासमोर आले तरी ओळख न दाखवता गेले.

"म्हणजे कूळ आहे," झुको म्हणाला.

"आहे कुठेतरी. मला माहीत नाही." तिने विचारायचं ते विचारलं. "आणि टोलो निघालं तर?"

"तर पुस्तकावर तुझं नाव असेल," तो म्हणाला. "आणि मी दुसऱ्या शाळेत बदली मागून घेईन."

रविवारी जेवायला सगळे जमले होते. मनुका घातलेला पिवळा भात, कोंबडी, बीट. टेबलाच्या टोकाला ब्याऐंशी वर्षांचे आजोबा बसले होते. घरात सगळे त्यांना ओपा म्हणत.

"ओपा," लोरेटा म्हणाली, "मातिवान्यांचं कूळ कोणतं?"

आईच्या हातातला डाव भांड्यातच राहिला. ओपांनी मान वर केली नाही.

"कशाला हवंय?"

"एक मुलगा आहे."

"त्याचं?"

"टोलो."

ओपांनी काटा-चमचा ताटात ठेवला, एकमेकांना अगदी समांतर. "त्या खिडकीतला साहेब म्हणाला, नाव नवं घे, जुनं विसर," ते म्हणाले. "मी विसरलो. धाकट्याच्या अंत्ययात्रेच्या वेळी रस्त्याच्या पलीकडे उभा राहिलो. तिथल्या लोकांनी कुळाची आणि पूर्वजांची नावं म्हटली, तेव्हा माझे ओठ हलले. कुणी पाहू नये म्हणून तोंडावर टोपी धरली."

मग त्यांनी डोळे मिटले, आणि लोरेटाने जन्मात न ऐकलेल्या आवाजात, जणू रोज म्हणत असल्यासारखं, एका दमात म्हणायला सुरुवात केली. "भेले. खुबोनी. दुंजाने…" नावामागून नाव येत राहिलं. जोडीन घास तोंडात धरून ऐकत होती. आईने डाव सोडला; पदर असता तर तोंडाला लावला असता, तिने ॲप्रनच लावला. लोरेटाचे डोळे वाहत होते, आणि तरी ती कान टवकारून त्या नावांत एकच नाव शोधत होती, ते येऊ नये म्हणून.

ते आलं नाही.

"आपण भेले. भेले आणि टोलोंचं जमतं," ओपा डोळे उघडून म्हणाले. "जेवा आता. भात गार झाला."

पुढच्या शनिवारी खिडकीमागच्या बाईला नवा चेहरा मिळाला होता, कुणाचाच नसलेला. योलिस्वाची लोरेटाने माफी मागितली. "मला आजी कर," योलिस्वाने फर्मावलं. "रिंगांसकट." त्यावर झुको काही बोलणार होता, पण आजी आपली असूनही त्याने गिळलं.

त्या दिवशी गोष्ट लोरेटाने सांगितली. एका माणसाची, ज्याने खिडकीत स्वतःचं नाव ठेवलं आणि भावालाही. कुणाचे मोजे तपासले नाहीत, तरी मुलं चिडीचूप होती. शेवटी जोडीनने विचारलं, "मग नाव परत कुणी आणलं?" लोरेटाने मागच्या रांगेकडे बोट केलं. तिथे टोपी मांडीवर घेऊन ओपा बसले होते.

झुको त्यांच्याकडे गेला, वाकला, आणि दोन्ही हातांनी त्यांचा हात धरून म्हणाला, "भेले."

पंचेचाळीस वर्षांनी कुणीतरी त्यांना हाक मारत होतं. ओपांनी नुसती मान हलवली, दोनदा, तीनदा.

मग झुको लोरेटाकडे आला. तिचे केस आजही तोंडावर आले होते. या वेळी हात मध्येच कुठे वळला नाही.

"माभेले," तो म्हणाला.

"पुन्हा म्हण."

"माभेले. लग्नानंतरही हे तुझंच राहणार आहे. माझ्या आईने विचारलंय, कधी येतेस?"

"येईन. एक सांग आधी. या शहरात अशा माभेले किती आहेत?"

"असतील हजारभर. माझ्या शाळेतच दोघी आहेत."

लोरेटाने भुवया चढवल्या. "त्यांना सोमवारपासून आडनावाने हाक मारायची," ती म्हणाली.