मोडीत गेलेली वाटी

नंदू, दिवा बारीक कर आणि जांभया द्यायच्या तर बाहेर जाऊन दे. ही ऐकीव गोष्ट नाही. वेणीमाधव भटजी माझा मित्र, आणि ते घड्याळ मी स्वतः उघडलेलं. घड्याळजी म्हणून माझी इतकी कधी जिरली नव्हती.

एकतीस सालचा वैशाख. वेणीमाधव गळक्या घंगाळाला डाग द्यायला चन्नप्पाकडे गेला. चन्नप्पा तांब्यापितळेचा व्यापारी. कुणा साहेबाच्या बंगल्यातल्या भांड्यांबरोबर त्याच्याकडे खिशातलं एक जुनं विलायती घड्याळ आलं होतं, सोन्याच्या झाकणाचं. ह्याचा जीव त्यात अडकला. अरे, यंत्र तरी उघडून बघायचं! चन्नप्पानं नुसतं कानाला लावून दिलं. "टिकटिक करतंय की. आनी काय बगायचं?" एवढ्यावर हा भुलला. वर वडिलांचं घटिकापात्र मोडीत घालून आला. बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. घंगाळातल्या पाण्यावर सोडली की चोवीस मिनिटांत भरून बुडायची, म्हणजे एक घटका. वडिलांनी, नारायणभटांनी, चाळीस वर्षं तिच्यावर लग्नं लावली आणि जाताना ती ह्याच्या हातात दिली होती.

घड्याळ रोज रात्री चोवीस मिनिटं मागं पडायला लागलं. तीनदा मी चाकं पुसली, झाकण पुसलं, तेल दिलं. माझ्या दुकानात रात्रभर बिनचूक, त्याच्या घरी पुन्हा तेच. मी त्याच्यावर वैतागलो, तो माझ्यावर. शेवटी वाटी परत मागायला गेला, तर चन्नप्पा म्हणाला, "ती भट्टीत गेली की, भटजी."

आणि इकडे वेणीमाधवाच्या भाचीचं, शकुंतलेचं लग्न. मुहूर्त पहाटे पाच चाळीसचा. वराचा मामा कुर्डुवाडीचा, रेल्वेतला. क्षण चुकला तर मुलगा परत नेईन, असं त्यानं बजावलेलं.

वैशाख वद्य सप्तमीची रात्र. वेणीमाधव घड्याळ हातात धरून देवघरात जागत बसला. शेजारी घंगाळ, कोरडं.

एक वाजून सोळा मिनिटांनी काटा थांबला.

त्यानं किल्ली दिली. हलवलं. आपटलं. काही नाही. रडकुंडीला आला.

मग... घंगाळात पाणी हललं.

वाकून बघितलं. कोरडं.

बराच वेळ काही नाही...

डुबुक.

"एक भरली..."

नारायणभटांचा आवाज.

वेणीमाधव हलला नाही. काटा थांबल्यापासून मुहूर्तापर्यंत बरोबर अकरा घटका. तो मोजत राहिला. दोन... तीन... चार...

पहाटे ते कोरडं घंगाळ त्यानं मांडवात आणून ठेवलं. लोक हसले. अकरावी भरली, ती एकट्या त्याला ऐकू आली. त्यानं अंतरपाट दूर करवला. मामानं खिशातलं घड्याळ काढलं. पाच चाळीस. मामानं ते परत खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी वेणीमाधवानं ते घड्याळ माझ्यापुढं टाकलं. उघडलं तर आत पाणी. आणि सोन्याच्या झाकणाला, मधोमध, सुईएवढं भोक. तेच झाकण मी तीनदा पुसलं होतं!

मी चिडून ते सुटं केलं आणि पाण्यावर सोडलं. दोघं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो.

वीस मिनिटं... बावीस...

चोविसाव्या मिनिटाला झाकण बुडालं.

वेणीमाधवाचे डोळे वाहत होते. त्यानं पाण्यात हात घालून ते वर काढलं, धोतराला पुसलं, आणि हळूच म्हणाला, "एक भरली."